तंबोऱ्याचा पंचम आणि वागळे इस्टेटमध्ये बनवून घेतलेला पॉवर सप्लाय

“पंचम हलतोय गं,” आप्पा म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा ऐकू लागले. जुलै महिना, संध्याकाळचे आठ, बाहेर पाऊस. रेकॉर्डवर नुसता तंबोरा चालू होता, गवयाने अजून सा लावला नव्हता. मला काहीच हललेलं ऐकू आलं नाही. पण आप्पा, म्हणजे माझे सासरे, ८३ वर्षांचे. मैफली त्यांनी केल्या नाहीत, मात्र पहाटे तंबोरा घेऊन बसणं गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत कधी चुकवलं नाही. त्यांनी पंचम हलतोय म्हटलं म्हणजे तो हलत असणार. प्रश्न एवढाच होता की तबकडीवरचा तंबोरा उतरेल कसा? तीच तबकडी आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातल्या याच घरात वीस वर्षं ऐकतोय.

मी रेकॉर्ड थांबवली, सुई उचलली आणि आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवला. स्पीकरमधून बारीक, सलग गुणगुण येत होती. मोबाइलवरच्या स्वर दाखवणाऱ्या ॲपमध्ये ती १०० हर्ट्झवर दिसली. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. तो आकडा पाहिला आणि आप्पांना काय ऐकू येत होतं ते लख्ख कळलं. त्या गवयाचा सा पांढरी एक, म्हणजे साधारण १३१ हर्ट्झ. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, ती ९८ हर्ट्झला येते. ९८ च्या शेजारी १०० ची गुणगुण चालू असेल तर सेकंदाला दोन वेळा आवाज लहानमोठा होणार. तंबोरा लावताना जोडीच्या तारा मिळत आल्या पण पुरत्या मिळाल्या नाहीत, की जो हेलकावा कानाला कळतो, तोच हा. आप्पांच्या कानाने तो टिपला होता आणि मला मात्र ॲपमध्ये बघावा लागला.

हा सगळा अनुभव लिहितेय तो मी बनवून घेतलेल्या पॉवर सप्लायबद्दल, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, सांगायला. पण तिथपर्यंत कशी पोचले ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही.

आमच्याकडची मांडणी साधी आहे. बेल्टवर चालणारा टर्नटेबल, त्याला एमएम जातीचं कार्ट्रिज (सुईच्या हालचालीतून सिग्नल तयार करणारा भाग), मग तो सिग्नल वाढवणारा एक छोटा फोनो प्रीॲम्प, मग अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. गुणगुण होती ती प्रीॲम्पच्या वाटेने. अँप्लिफायरवर रेडिओ लावला की सगळं शांत. असं होण्याचं कारण सोपं आहे. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो. प्रीॲम्प तो शंभर पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाकडचा आवाज मुद्दाम कमी केलेला असतो आणि प्रीॲम्प तो परत भरून काढतो. १०० हर्ट्झच्या आसपास ही भर मधल्या स्वरांच्या मानाने साडेचार पट पडते. म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांत विजेची घाण सर्वांत मोठी होऊन बाहेर पडायची जागा कुठली असेल, तर ती हीच. हाय-फायमध्ये पॉवर सप्लायवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करावेत, असं माझं ठाम मत झालंय.

आता चूक कुठे झाली ते. जूनच्या पहिल्या पावसात विजा कडाडत असताना प्रीॲम्पचा मूळ अडॅप्टर जळला. तो १८ व्होल्ट डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा होता. जवळच्या दुकानात तसा नव्हता. दुकानदार म्हणाले, “१५ चा न्या, चालतो.” पिन बसली, दिवा लागला, गाणं सुरू झालं. मीही पुढे काही पाहिलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण मी वर्गात नेमकं हेच शिकवत होते.

तो अडॅप्टर उघडला तर आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि वीज साठवून लाट सपाट करणारा १,००० मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर. प्रीॲम्प साधारण १५० मिलिअँपिअर घेतो. आपली वीज ५० हर्ट्झची, चार डायोड तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला आणतात, म्हणून कपॅसिटरवर उरणारी लाट १०० हर्ट्झची. तिची उंची काढायला प्रवाहाला १०० आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर येतं दीड व्होल्ट. प्रीॲम्पच्या आत व्होल्टेज स्थिर ठेवणारा १२ व्होल्टचा रेग्युलेटर आहे. त्याला काम करायला निदान १४ व्होल्ट लागतात. सकाळी आमच्याकडे भिंतीवर २३६ व्होल्ट येतात, तेव्हा लाटेचा तळसुद्धा १४ च्या वर राहतो आणि रेग्युलेटर सगळं सपाट करून देतो. संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी चालू झाले की मी मोजले तेव्हा २१२ होते. मग लाटेचा तळ १३ पर्यंत खाली जातो आणि रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा हात टेकतो. सकाळी गाणं स्वच्छ, संध्याकाळी पंचम हलतोय. महिनाभर मला वाटत होतं की संध्याकाळी रस्त्यावरची वर्दळ जास्त म्हणून तसं वाटत असेल.

मग मी योग्य तो, १८ व्होल्टचा अडॅप्टर मागवला. हा हलका, मोबाइल चार्जरसारखा, एसएमपीएस जातीचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा. ४५० रुपये. त्याने पंचम स्थिर झाला. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी थेट हजारो रुपये खर्चायला निघू नये. बहुतेक आजार या ४५० रुपयांत बरा झाला.

उरलं ते वेगळंच. प्रीॲम्पच्या मागच्या स्क्रूला हाताची मागची बाजू लागली की मुंगी चावल्यासारखं व्हायचं. दोन पिनांच्या एसएमपीएसमध्ये विजेची बाजू आणि डीसीची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. जिवाला धोका नाही. पण तोच प्रवाह अर्थिंगची वाट शोधत सिग्नलच्या वायरच्या जाळीतून अँप्लिफायरकडे जातो. शांत तबकडीवर, दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एक कोरडी, खरखरीत पट्टी ऐकू यायची. त्यात आमच्या इमारतीची वायरिंग जुनी. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर कळलं की हॉलमधल्या तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकाला वायरच जोडलेली नाही. त्याने स्वयंपाकघरातल्या बोर्डापासून हिरवी वायर ओढून दिली. १,१०० रुपये आणि अर्धा दिवस. तुमची इमारत जुनी असेल तर हे काम सगळ्यात आधी करून घ्या, गाण्यासाठी नव्हे, जिवासाठी.

अर्थिंगने खरखर निम्मी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी मी लिनिअर पॉवर सप्लाय, म्हणजे अशी चालू-बंद न करणारा, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, शोधायला लागले. बाहेरून मागवायचा तर एका दुकानात मला ३२ हजारांचा आकडा सांगितला. मग शाळेतल्या एका मैत्रिणीच्या भावाने वागळे इस्टेटमधल्या एका कारागिराचा पत्ता दिला. रोड नंबर २२ च्या बाजूला गाळा आहे, मशीनच्या कंट्रोल पॅनलसाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतात. नाव छापू नका म्हणाले, हातात आहेत तीच कामं पुरी होत नाहीत. म्हणून नाव देत नाही, पण त्यांच्या कामाबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

गाळ्यात शिरताच वार्निशचा उग्र वास. एका कोपऱ्यात वाइंडिंग मशीन, तांब्याच्या तारेची रिळं, पत्र्यांचे ढीग. मी वहीत काढून नेलेलं सर्किट त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्याकडे संध्याकाळी किती व्होल्ट येतात?” माणूस आपला आहे हे मला तिथेच कळलं. मी २१२ सांगितले. ते म्हणाले, “आपण २०० धरू.” मी वहीत सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची बाहेर वीज देणारी गुंडाळी, १८ व्होल्टची लिहिली होती, त्यांनी ती खोडून २० केली. २०० व्होल्ट आले तरी कपॅसिटरवर २३ मिळतात, म्हणजे रेग्युलेटरला पाच व्होल्टची मोकळीक. या एका खोडण्याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी देते.

डबा असा आहे: ३० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर, प्रायमरी (भिंतीकडची गुंडाळी) आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक पडदा, तो अर्थला जोडलेला. ब्रिज, म्हणजे तेच चार डायोड, ४,७०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, मग एलएम३१७ रेग्युलेटर. यात काहीही परदेशी गूढ नाही, एलएम३१७ कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. आधीच्या अडॅप्टरमध्ये दीड व्होल्टची लाट होती, इथे कपॅसिटरवर तीच ०.१६ व्होल्ट उरते, आणि रेग्युलेटरच्या ॲडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर लावला की तो ती आणखी दहा हजार पटींनी दाबतो. तो छोटा कपॅसिटर पाच रुपयांचा असेल. सोल्डरिंग मी भिंग घेऊन पाहिलं. प्रत्येक सांधा गोल, चकचकीत, कुठे जास्तीचा गोळा नाही. विजेच्या वायरींवर स्लीव्ह, फ्यूज बाहेरून बदलता येईल असा. सगळे मिळून ६,५०० रुपये घेतले.

तक्रारीही आहेत. आठ दिवस सांगून चोवीस लागले, मध्ये गणपती आले हे खरं, पण फोन करून विचारावं लागलं. पुढचा निळा एलईडी इतका प्रखर की रात्री खोलीभर उजेड पडतो, मी त्यावर काळ्या टेपचे दोन थर लावलेत. स्विच मागच्या बाजूला आहे, आप्पांना हात घालून तो सापडत नाही. दीड-दोन तासांनी डब्याची मागची बाजू कोमट होते. लिनिअरमध्ये जादाचे व्होल्ट उष्णता होऊनच जाणार, तेव्हा वर कापड किंवा रेकॉर्डचा गठ्ठा ठेवायचा नाही एवढं पाळावं लागतं.

पहिल्या दिवशी मात्र मी घाबरले. डबा जोडला आणि गुणगुण परत आली, आधीच्यापेक्षा मोठी, आणि या वेळी ५० हर्ट्झची. कारागिरांना फोन केला. “डबा कुठे ठेवलाय?” टर्नटेबलच्या अगदी खाली, त्याच कप्प्यात. “हातात धरून लांब न्या, आवाज ऐकत ऐकत.” मी वायर पुरेल तिथवर डबा सरकवत गेले आणि गुणगुण विरत गेली. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजच्या वेटोळ्यांत शिरत होतं, डीसीच्या वायरशी त्याचा संबंधच नव्हता. आता डबा सर्वांत खालच्या फळीवर, टर्नटेबलपासून तीन फूट लांब आहे आणि एका कुशीवर फिरवून ठेवलाय. डीसीची वायर यासाठी निदान दीड मीटरची मागून घ्या. माझी एक मीटरची होती, ती त्यांनी पैसे न घेता बदलून दिली.

आवाजात काय फरक पडला? गवयाचा गळा बदलला, स्पीकर नवे वाटायला लागले, असं काही झालेलं नाही आणि कुणी तसं सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. फरक आहे तो शांततेत. आलापीत दोन वाक्यांमधली जागा आता रिकामी असते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा झणत्कार कुठवर पोचतो ते ऐकू येतं, पूर्वी तो अर्ध्यावर खरखरीत बुडायचा. सारंगी गवयाच्या मागे किती हळू चालली आहे ते आत्ता कळलं. जुन्या तबकड्यांची चरचर मात्र तशीच आहे, ती खाचेतली धूळ आहे, तिला पॉवर सप्लाय काय करणार. अँप्लिफायरसाठी जाड पॉवर केबल घेण्याचाही मला आग्रह झाला होता. ती मी घेतली नाही, आणि ते पैसे नव्या सुईसाठी ठेवलेत.

तुम्ही असं काही बनवून घेणार असाल तर प्रीॲम्पच्या मागे छापलेलं व्होल्टेज, लागणारे मिलिअँपिअर आणि पिनेचा आतला भाग प्लस आहे की मायनस, हे तीन आकडे आणि खुणा फोटो काढून सोबत न्या. डीसी पिनेची जाडीही दोन प्रकारची असते, एकात दुसरी ढिली बसते. संध्याकाळचं आणि सकाळचं व्होल्टेज मोजून न्या. बाकी कारागीर विचारतील.

पाच महिने झाले. मागच्या रविवारी मुद्दाम संध्याकाळी आठला तीच रेकॉर्ड लावली, मीटरवर २०९ व्होल्ट होते. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. तंबोरा सुरू होऊन मिनिटभर झाला, गवयाने सा लावला, आप्पांनी मांडीवर हलकेच बोट ठेवलं आणि काही बोलले नाहीत. डब्याच्या वायरीला मी पांढरी पट्टी चिकटवून त्यावर पक्क्या शाईने लिहून ठेवलंय: १८ व्होल्ट, आत प्लस, फक्त प्रीॲम्प.