सुप्रीम कोर्टात जायचं की इथेच थांबायचं?

व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेसने 10 रुपये दर्शनी किमतीचा शेअर परदेशातल्या आपल्याच मूळ कंपनीला 8,519 रुपयांना दिला. आयकर खात्याचं म्हणणं, किंमत 53,775 हवी होती. मधला फरक म्हणजे उत्पन्नच, भरा कर. ऑक्टोबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे साफ नाकारलं: कंपनीने नवे शेअर जारी करून आलेला पैसा भांडवल आहे, उत्पन्न नव्हे.

आता सरकारपुढे दोन वाटा होत्या.

अपील केलं तर महसूल वाचण्याची आशा राहते, पण धोकाही मोठा. सुप्रीम कोर्टात हरलात तर तो निकाल राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 मुळे देशभरच्या कोर्टांना लागू. शिवाय वर्षानुवर्षं तारखा. (विशेष परवानगी याचिका, म्हणजे अपील ऐकण्यासाठी सुप्रीम कोर्टाकडे केलेली विनंती, कारणं न देता दारातच फेटाळली, तर मात्र कायद्याचा मुद्दा उघडा राहतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.)

थांबलं तर या प्रकरणातली मागणी बुडते आणि त्याच मुद्द्यावरच्या इतर कंपन्याही सुटतात. गुंतवणूकदार मात्र सुटकेचा नि:श्वास टाकतात. 2012 चा पूर्वलक्षी कर, म्हणजे आधीच होऊन गेलेल्या व्यवहारांवर मागाहून लावलेला कर, तेव्हा कुणी विसरलं नव्हतं.

28 जानेवारी 2015 ला मंत्रिमंडळाने थांबायचं ठरवलं. माझ्या मते योग्यच. मुद्दा मुळातच लंगडा होता.

लहान प्रकरणांत हा प्रश्नच येत नाही. सप्टेंबर 2024 पासून वादातला कर 5 कोटींच्या आतला असेल, तर काही अपवाद सोडता खातं सुप्रीम कोर्टाची पायरी चढत नाही. करदात्याला अशी मर्यादा नाही. त्याने वकिलाची फी आधी विचारावी.