डासांचं मशीन काढून जाळ्या बसवल्या: नऊ महिन्यांनंतर

आमचं घर मुंढव्यात, नदीपासून पाच मिनिटांवर. थंडी सरू लागली की मुळा-मुठेवर जलपर्णी दाटते आणि संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात. गेली आठ वर्षं दोन्ही खोल्यांत लिक्विडचं मशीन रात्रभर चालू असायचं आणि गॅलरीत कॉइल. मशीनला वास नाही, धूर नाही, म्हणजे हवेत काही नाही असंच मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी आईचा दमा बळावला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "रात्री खोलीत काय लावता?" घरी येऊन रिफीलची बाटली पहिल्यांदा नीट वाचली. ट्रान्सफ्लुथ्रिन, म्हणजे डास मारणारं कीटकनाशक, १.६ टक्के. बाकीचा बराचसा भाग रॉकेलच्या जातीचं द्रावक. वात तापली की दोन्ही हवेत जातं, आणि एसीसाठी बंद केलेल्या खोलीत आई आठ तास तीच हवा घेत होती. कॉइलचं तर त्याहून वाईट. त्यात कीटकनाशक अगदी थोडं, बाकी सगळा भुसा आणि करवंटीची पूड, आणि जळतं तेच. २००३ मध्ये चिनी आणि मलेशियन कॉइल तपासल्या होत्या. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण निघाले. 'हर्बल' लिहिलेली कॉइल घेतली तरी धूर चुकत नाही.

जूनमध्ये जाळ्या लावल्या. आधी पैसे वाचवायला वेल्क्रोच्या घेतल्या. त्या घेऊ नका. पावसात ओल आली आणि पट्टी रंगासकट भिंतीवरून सुटली. मग स्लायडिंगच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये फ्रेमसकट जाळी बसवली. चार खिडक्यांचे साडेनऊ हजार झाले. बसवणाऱ्याने एका खिडकीत खाली बोटभर फट ठेवली होती, आणि सगळी मेहनत त्या फटीतून वाया जात होती. आठ दिवस मला कळेना की डास येतात कुठून. शेवटी रात्री दिवा बंद करून बाहेरून टॉर्च मारला तेव्हा फट दिसली. फर्निचरवाल्याकडचा ब्रश पट्टा चिकटवला आणि प्रश्न मिटला. बाथरूमचा एक्झॉस्टही विसरू नका. आईच्या पलंगाला शिवाय मच्छरदाणी आहे, गादीखाली नीट खोचलेली.

खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. रात्री एखाद-दुसरा डास दिसतोच, दार उघडताना शिरतो, त्याला रॅकेट पुरते. तोटे आहेत. वारा जाणवण्याइतका कमी झाला, आणि जाळीत इतकी धूळ बसते की पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी लागते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर रविवारी कोरड्या करतेच. आईचा रात्रीचा खोकला बराच कमी आहे. सगळं श्रेय जाळीला देणार नाही, त्याच महिन्यात औषधही बदललं होतं. पण सकाळी उठल्यावर तिच्या घशात होणारी खवखव मशीन बंद केल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, हे तिनेच आपणहून सांगितलं.

लहानपणी गावी गटाराच्या कडेने आणि उंबऱ्याबाहेर गमेक्सिनची पांढरी पावडर टाकत, आणि आम्ही मुलं त्यातूनच पळत असू. ती म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक, त्यावर १९९७ मध्ये आपल्याकडे बंदी आली. हे रसायन मातीत आणि अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतं, हवेबरोबर दूरवर जातं, म्हणूनच २००९ मध्ये त्याचे प्रकार स्टॉकहोम करारात, म्हणजे अशा टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात आले. मशीनमधलं औषध त्या जातीचं नाही, उन्हात लवकर विघटित होतं. पण पलंगाखाली, पडद्यात, कोपऱ्यातल्या धुळीत ऊन पोचत नाही, तिथे अशी औषधं कितीतरी जास्त टिकतात. मशीन काढलं त्या दिवशी मी सगळे पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, लादी दोनदा ओल्या फडक्याने पुसली. केवळ मशीन बंद करून थांबू नका. घरात मासे असतील तर आणखी जपा, ही औषधं माशांना फार विषारी असतात.

सोसायटीत अजून धूरफवारणी होते. डिझेलमध्ये मिसळलेलं औषध असतं, उडणारे डास तेवढे मरतात, पाण्यातल्या अळ्या जशाच्या तशा. मी मीटिंगमध्ये दोनदा हे मांडलं. फवारणी थांबली नाही, पण टाक्यांची झाकणं बदलली आणि डक्टमधलं साचलेलं पाणी निघालं, आणि आमच्या मजल्यावरचा फरक मला त्यातूनच जास्त जाणवतो. गाडीचा आवाज आला की आम्ही अर्धा तास काचा लावून घेतो.

स्वयंपाकघराच्या दाराला जाळी उरली आहे. सुतार पाडव्यानंतर येतो म्हणालाय.