हवाई आणि बोर्निओ: बेटांवरची रानअळंबी

बोर्निओ आशियाच्या भूखंडमंचावरच, म्हणजे खंडाला लागून असलेल्या उथळ समुद्रतळावर उभे आहे. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा हे बेट मलाय द्वीपकल्पाशी जमिनीने जोडलेले होते. त्यामुळे डिप्टेरोकार्प हे वर्षावनातले उंच वृक्ष आणि त्यांच्या मुळांशी सहजीवन करणारी रसुला, बोलीटस यांसारखी अळंबी तिथे शेजारीशेजारी नांदतात. समुद्री स्पंजासारखी दिसणारी स्पॉन्जिफॉर्मा स्क्वेअरपँट्सी ही जाती २०११ मध्ये तिथूनच नोंदवली गेली.

हवाई बेटे मात्र ज्वालामुखीतून वर आलेली, सर्वांत जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर. इथवर पोचले ते प्रामुख्याने वाऱ्यावर तरंगणारे बीजाणू. पण मुळांवर जगणाऱ्या बुरशीला जोडीदार झाड हवे, आणि तशी झाडे इथे जवळपास नव्हतीच. म्हणून मूळ अळंबी बहुतेक पालापाचोळा, लाकूड कुजवणारी. हायग्रोसायबी लामालामासारख्या काही जाती तर जगात फक्त इथेच आढळतात. पाइनखाली उगवणारी लाल अमानिटा मस्कॅरिया मात्र माणसाने आणलेल्या झाडांसोबत आली.

संख्येत बोर्निओ कितीतरी पुढे. तरी अळंबी कुठून आली हे शोधायचे, तर मला हवाईच अधिक मोलाचे वाटते. तिथे स्थानिक आणि पाहुणी ओळखणे सोपे जाते.