हीरो एक्सपल्स २०० ४व्ही: कच्च्या वाटेच्या नजरेतून
पुढे २१, मागे १८ इंचांची स्पोकची चाकं आणि खाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. सावकाश, खडतर वाटांसाठी ही मोटरसायकल मनापासून आवडावी अशीच. महामार्गावरच्या वेगासाठी मात्र नव्हे. टायर ट्यूबचे आहेत. दगडांवर हवा फार कमी ठेवली, की ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. म्हणून आधी जाड ट्यूब, बाकी सजावट नंतर. राइडनंतर प्रत्येक स्पोक पान्याने वाजवून बघा. खणखणीत न वाजता बद्द वाजला, तर सैल आहे. चेन ताणताना गाडीवर माणूस बसवा. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन सस्पेन्शन दबताच आवळते आणि बेअरिंग खाते.