लिनक्ससाठी वायफाय कार्ड घेताना नाशिकमध्ये मला असं गंडवलं

कार्डाचे १,८५०, ते घरपोच आणून देण्याचे १२०, 'फर्मवेअर अ‍ॅक्टिव्हेशन'चे ८९९ आणि यूएसबीत खोचायच्या वायफाय डोंगलच्या 'डिफरन्स'चे ६५०. एकूण ३,५१९ रुपये. ज्यांना हा आकडा किरकोळ वाटतो त्यांनी खुशाल वाचू नये. मी इंदिरानगरला शाळकरी मुलांचे कोडिंगचे क्लास घेते, घरातल्या हॉलमध्ये, आणि माझ्यासाठी ही दोन मुलांची महिन्याची फी आहे. त्यात लाज वेगळीच. सोसायटीत कुणाचा राउटर बंद पडला तरी मलाच हाक मारतात. घरी हे फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना 'कार्ड खराब निघालं' एवढंच सांगितलंय.

क्लाससाठी नवा लॅपटॉप घेतला, एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा. उबुंटू २४.०४ (विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकलं आणि वायफाय गायब. आत मीडियाटेकची एमटी७९०२ चिप निघाली, आणि उबुंटूच्या त्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) नाहीच. लॅनचं पोर्टही नाही. मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर दिवस काढायचे, आणि फोन वाजला की पोरं ओरडणार, "मॅडम, नेट गेलं!"

यावरचा उपाय लिनक्स वापरणाऱ्या कुणालाही माहीत असतो. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडायचं, आतलं कार्ड काढायचं आणि इंटेलचं एएक्स२१० बसवायचं. कर्नल ५.१० पासून त्याचा ड्रायव्हर आतच असतो, एएमडीच्या मशीनवरही बिनबोभाट चालतं. फक्त त्याचाच एक जुळा भाऊ आहे, एएक्स२०१. आकार तोच, बसायची जागा तीच, अँटेनाची बटणं तीच. पण ते सीएनव्हीआय प्रकारातलं. त्याचं अर्धं काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होतं, त्यामुळे इंटेलच्या ठरावीक मशीनबाहेर त्याची किंमत शून्य. जुने इंटेल लॅपटॉप भंगारात निघतात तेव्हा ही कार्डं ढिगाने निघतात. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

आधी एमजी रोडवरच्या दुकानांत विचारून आले. एकाने "मॅडम, कशाला त्रास घेता, पाचशेत विंडोज टाकून देतो" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने पेंग्विनचं चित्र असलेला डोंगलचा खोका काउंटरवर आपटला, "ऑल ओएस चालतं." आत चिप कुठली, विचारलं तर "वायफायची." पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह, पण खोक्यावरच्या पेंग्विनवर कधी जाऊ नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की सोबतच्या सीडीत कुठल्यातरी जुनाट कर्नलसाठीचा सोर्स कोड आहे. तो आजच्या कर्नलवर कंपाइल होता होता जीव घेतो.

मग शहरातल्या एका खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. थोड्या वेळात एकाचा खासगीत मेसेज. "ताई, प्रोसेसर कुठला? रायझन? मग चुकूनसुद्धा एएक्स२०१ घेऊ नका. सीएनव्हीआय असतं ते. लोक तिथेच फसतात."

हे वाक्य नीट वाचा. ज्या खड्ड्यात त्याने मला ढकललं, तो खड्डा त्यानेच आधी बोट करून दाखवला होता. एमजी रोडवर 'वायफायची चिप' ऐकून आल्यावर कुणीतरी सीएनव्हीआय हा शब्द उच्चारतोय, यानेच मी निम्मी गार झाले. माहिती कमी असती तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नसते.

त्याने एलएसपीसीआयचा (मशीनमधल्या कार्डांची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड) स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ८०८६:२७२५ हा कार्डाचा आयडी, खाली इंटेलच्या वायफायचा ड्रायव्हर आयडब्ल्यूएलवायफाय. आयडी बरोबर होता, एएक्स२१० चाच. मी तो ताडूनही पाहिला. पण तो स्क्रीनशॉट कुणाच्या मशीनचा, कोण सांगणार? स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. कार्डाचा फोटो मागा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहायला लावा.

फोटो मी मागितला होता, बरं का. आला. चिमटीत धरलेलं कार्ड, स्टिकरवर 'एएक्स२' दिसतंय, मग अंगठा, अंगठ्याच्या पलीकडे 'एनजीडब्ल्यू', जे दोन्ही कार्डांच्या नावाचं शेपूट आहे. वस्तू हातात धरली की अंगठा कुठेतरी येणारच, असं मी तेव्हा समजले. भावही संशय यावा इतका स्वस्त नव्हता. १,८५० म्हणजे बाजारात चालतं त्याच्या आसपासच. पाचशेला देतो म्हणाला असता तर मी तिथल्या तिथे ब्लॉक केलं असतं.

पैसे यूपीआयने दिले, कार्ड एक मुलगा घेऊन आला. अँटिस्टॅटिक पिशवीत, व्यवस्थित. आणि कार्डावर चंदेरी सील: 'वॉरंटी. सील काढल्यास वॉरंटी रद्द.' त्यावर बॉलपेनने तारीख. हे सील बरोबर मॉडेल नंबरवर चिकटवलेलं होतं.

याच जागेवर माझं मन रोज अडकतं. २२ बाय ३० मिलिमीटरचं ते कार्ड. सील लावायला दुसरी बाजू अख्खी मोकळी. फोटोत अंगठा ज्या आकड्यांवर, हातात आल्यावर सीलही त्याच आकड्यांवर. दोन्ही गोष्टी एकापुढे एक ठेवल्या असत्या तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. पण मला सांगा, १,८५० रुपयांच्या वस्तूवरचं वॉरंटीचं सील पहिल्याच मिनिटाला कोण उचकटतं? दुकानातून आणलेल्या रॅमवर, हार्ड डिस्कवर असली सीलं आपण वर्षानुवर्षं बघतो आणि सांभाळून ठेवतो. ती सवयच त्याने वापरली. वॉरंटीचं सील मॉडेल नंबर झाकत असेल तर माल तिथेच परत करा, आणणाऱ्या पोराला खाली थांबवून ठेवा.

कार्ड बसवलं. काळी आणि पांढरी, अँटेनाच्या दोन्ही वायरी नखाने दाबून बसवल्या. मशीन सुरू केलं, एलएसपीसीआय चालवलं. यादीत कार्ड नाही. ड्रायव्हर नसला, फर्मवेअर (कार्डात चढवायची फाइल) नसलं, तरी पीसीआय कार्ड यादीत दिसतंच. एमटी७९०२ सुद्धा दिसत होतं की, काम करत नसलं तरी. यादीत नावच नाही म्हणजे मशीनच्या लेखी तिथे कार्डच नाही.

त्याला कळवलं. उत्तर तयारच: "ताई, फर्मवेअर लोड झालं नाही. ओरिजिनल कार्डाचं फर्मवेअर रजिस्टर्ड सेलरलाच मिळतं. अ‍ॅक्टिव्हेशन ८९९."

हसू नका. फर्मवेअर वेगळं असतं हे खरंच आहे. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते २०२३ मध्ये, १२ व्या आवृत्तीपासून आलं. त्याआधी पेनड्राइव्हवर वेगळं घेऊन बसावं लागायचं, आणि मी ते केलेलं आहे. त्याची प्रत्येक थाप अशी अर्ध्या खऱ्या गोष्टीवर उभी होती. त्यात सोमवारी नवी बॅच सुरू होणार होती. दिले ८९९.

आली काय, तर एक फाइल. नंतर शांतपणे पाहिलं तर तीच फाइल माझ्या लॅपटॉपच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये पहिल्यापासून होती, झेडएसटीडीने दाबलेली. उलगडून दोन्हींचा शा२५६, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा, काढला. अक्षरन् अक्षर सारखा. उबुंटूसोबत फुकट येणारी, माझ्याच डिस्कवर पडलेली फाइल मला ८९९ रुपयांना विकली. लिनक्समध्ये इंटेलच्या वायफायचा ड्रायव्हर, फर्मवेअर, परवाना, अ‍ॅक्टिव्हेशन यातल्या कशाचेही पैसे नसतात. एक रुपयाही मागितला की फोन ठेवा.

त्यानंतर म्हणे लॅपटॉपच्या बायॉसमध्ये व्हाइटलिस्ट, म्हणजे ठरलेलीच कार्डं चालू देणारी यादी, असेल. (काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत असायची, खरं आहे. याही वेळी अर्धं खरं.) "कार्ड राहू द्या, मुलगा येऊन घेऊन जाईल. यूएसबी डोंगल पाठवतो, १३०० एमबीपीएस, ड्युअल बँड, फक्त ६५० डिफरन्स." तोवर २,८६९ अडकलेले. ते सोडवायला आणखी ६५०. जुगारात बसलेला माणूस असाच पैसे लावत जातो.

डोंगल लावला तर स्क्रीनवर चक्क सीडी उघडली, आत विंडोजची सेटअप फाइल. एलएसयूएसबीत (यूएसबीच्या वस्तूंची यादी) ०बीडीए:१ए२बी, पुढे नाव रिअलटेकची आरटीएल८१८८जीयू, 'ड्रायव्हर सीडीरॉम मोड'मध्ये, म्हणजे स्वतःला सीडी म्हणवणारी. ती सीडी इजेक्ट केल्यावर वायफाय सुरू झालं खरं, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झ. घरच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत आलंच नाही, येणारही नाही. ही चिप कागदावर १५० एमबीपीएसची, एकाच बँडची आहे. खोक्यावर १३००.

तेव्हा हेअर ड्रायर घेतला, सील गरम केलं आणि नखाने हळूहळू सोलून काढलं. खाली स्वच्छ छापलेलं: एएक्स२०१एनजीडब्ल्यू.

त्याला फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, मग डीपी गेला. ब्लॉक. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगितलं तर "ग्रुप जबाबदार नाही, वैयक्तिक व्यवहार." ग्रुपवर सगळ्यांना सांगायला गेले तर मलाच काढून टाकलं. विकणारा आत, मी बाहेर.

आता पोलीस. ठाण्यात बाकावर बसवून ठेवलं, मग विचारलं, "किती गेले?" सांगितलं. "साडेतीन हजार? मॅडम, इथे लोकांचे पंचवीस-पंचवीस लाख जातात." म्हणजे मी पंचवीस लाख होईपर्यंत थांबायचं? "वस्तू मिळाली ना? मिळाली. मग फसवणूक कुठे? दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, साहेब, सांगितली एक वस्तू आणि मुद्दाम नंबर झाकून दिली दुसरी, यालाच फसवणूक म्हणतात. ४२० गेलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. यावर शेजारच्या टेबलावरचे हसले, "मॅडम अभ्यास करून आल्यात." मग मी दोन्ही नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवले, २१० आणि २०१. ते म्हणाले, "आकडे तर तेच आहेत, पुढेमागे झालेत." लिनक्स म्हणजे कुठली कंपनी, हेही विचारून झालं. शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. पोच घेतल्याशिवाय उठले नाही, पण त्यासाठी त्या दिवशीची संध्याकाळची बॅच बुडवली. तिचं नुकसान वरच्या ३,५१९ मध्ये धरलेलं नाही.

बँकेत तर त्याहून सोपं. "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. पुढचा टोकन.

ग्राहक म्हणून तक्रार करायची तर विकणाऱ्याचा पत्ता लागतो. त्याने दिलेल्या 'बिला'वर दुकानाचं नाव आहे, जीएसटी क्रमांक नाही, आणि पत्त्यात 'शरणपूर रोड, नाशिक' एवढंच. शरणपूर रोड केवढा आहे! म्हणून जीएसटी क्रमांक नसलेलं बिल घेऊ नका, आणि क्रमांक असला तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. मिनिटाचं काम. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करून विचारता येतं. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर सगळ्यात आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, ठाण्यात नंतर. समोरच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार नोंदली गेली तरच ते अडवता येतात. माझ्या बाबतीत त्याने दर वेळी नवी थाप देऊन मला गुंतवून ठेवलं ते त्यासाठीच, असं आता वाटतं.

कार्ड अखेर मिळालं, एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे, १,७०० ला. काउंटरवरच त्याच्याकडून बसवून घेतलं, माझ्या पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) चालवलं, एलएसपीसीआयमध्ये २७२५ बघितलं आणि मग पैसे काढले. दादा जरा वैतागले, पण वैतागू देत. एएक्स२०० घेत असाल तर आयडी २७२३. झाकण उघडायची भीती वाटत असेल आणि यूएसबीच हवं असेल तर एमटी७६१२यू चिपचं बघा, तिचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आत आहे. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचंच बघा. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१, लिनक्सवर सुरळीत चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक. नाव तेच ठेवलं, आत चिप वेगळी. आवृत्ती विचारल्याशिवाय जुनं डोंगल घेऊ नका.

तो माणूस दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर परत आलाय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी जाहिरात दाखवली. फोटो तोच, तीच चिमूट. ज्यांनी त्याच्याकडून घेतलंय त्यांनी सील काढून बघा, पण आधी सीलसकट फोटो काढून ठेवा, आणि चॅट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक पुसू नका. एकाच विक्रेत्याविरुद्ध सारखीच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने ती एकत्र करता येते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. एकटीला 'साडेतीन हजार?' म्हणून परत पाठवतात. चारपाच जण मिळाले तर अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.