बारा बोअरची वर-खाली दुनळी: आठ महिने वापरल्यावर

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद. त्यामुळे इंदुरात परवान्यावर ही बंदूक घ्यायची ती उडत्या चकतीसाठीच. परदेशात रीतसर शिकार करणाऱ्यांनाही हिशेब तोच लागतो: मॉडेलपेक्षा चोक (नळीच्या तोंडाशी बसणारी, छर्ऱ्यांचा झोत आवळणारी नळकांडी), छर्रा आणि दस्ता (खांद्याला टेकणारा भाग) आधी बघा.

नळ्या ७६ सेंमी, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ७० मिमी, वजन साडेतीन किलो. ट्रॅपला, म्हणजे उडत्या चकतीच्या नेमबाजीला, हे वजन वरदान आहे, बंदुकीचा झोका मध्येच अडत नाही. दिवसभर रानात चालून तितर मारायचे असतील तर मात्र नको. तिथे तीन किलोच्या आतली, अरुंद नळीची २० बोअर बरी.

दुकानदार चोक सांगतो, खरं कागद सांगतो. ३६ मीटरवर मोठा कागद लावून एक बार टाका आणि जिथे छर्रे दाट पडलेत तिथे ७५ सेंमीचं वर्तुळ काढा. २४ ग्रॅमच्या काडतुसात २.४ मिमीचे साधारण ३०० छर्रे असतात. फुल चोकला (सगळ्यात आवळ) त्यातले ७० टक्के आत हवेत, मॉडिफाइडला (मध्यम आवळ) ६०. मग चकतीएवढा, ११ सेंमीचा पुठ्ठा कापून वर्तुळभर सरकवत न्या. त्याखाली तीनच्या आत भोकं दिसली तर तिथून चकती सहीसलामत निसटणार. काडतूस बदललं की हे पुन्हा करा, फरक डोळ्यांना दिसतो.

लावा-तितराला २.४ मिमी छर्रा आणि मोकळा चोक पुरतो. फेझंटला ३ मिमीच्या आसपास, मॉडिफाइड. बदकांसाठी अमेरिकेत १९९१ पासून शिसं चालत नाही. पोलाद हलकं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा; आणि ते दबत नाही, म्हणून जुन्या बंदुकीच्या फुल चोकमधून ते कधीही झाडू नये. रानडुकराला छर्रा नकोच, स्लग, म्हणजे एकच भरीव गोळी.

या बंदुकीची खरी खोट चापात आहे. दुसरा बार पहिल्याच्या धक्क्यावर तयार होतो. २४ ग्रॅमचं मवाळ काडतूस असलं की कधी कधी चाप नुसताच दबतो. २८ ग्रॅमवर ही तक्रार नाही. फक्त ट्रॅपसाठी घेणाऱ्यांनी धक्क्यावर न चालणारा, मेकॅनिकल चापच मागावा.

चोक दर वेळी काढून आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर काजळीने जाम होतो. चार-पाच बारांनंतर तो हाताने तपासा. सैल राहिला तर नळीचं तोंड फुगतं. पावसाळ्यात बंदूक कापडी म्यानात ठेवू नका, नळीवरच्या पट्टीखाली गंज धरतो.

आणि २० बोअरचं पिवळं काडतूस या पिशवीत चुकूनही नको. ते बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागून दुसरं भरलं की नळी फुटते.