कम्युनिटी कॉलेजमध्ये दीड वर्ष: काय मिळालं आणि कशासाठी भांडावं लागलं

‘एच-फोर व्हिसावर रेसिडेंट फी मिळत नाही,’ असं प्रवेश कार्यालयाच्या खिडकीतल्या मुलाने मला सांगितलं आणि मी विश्वास ठेवून पैसे भरले. ते चूक होतं. एच-फोर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, आणि रेसिडेंट फी म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर आहे. म्हणजे ४ युनिटचा अकाउंटिंगचा कोर्स १८४ डॉलरमध्ये होतो, वर आरोग्य शुल्कासारखी किरकोळ रक्कम. बाहेरच्यांना तोच कोर्स कित्येक पटींनी महाग पडतो. सेमिस्टर सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहणं झालं असेल आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसत असेल, तर एच-फोरवरच्या माणसालाही रेसिडेंट धरतात. एफ-वन विद्यार्थ्यांना मात्र ही सोय नाही. मला राहून चौदा महिने झाले होते. घराचा भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न, सगळं पिशवीत होतं. त्या मुलाने पिशवी उघडायलाही सांगितलं नाही.

खरी माहिती कळली ती काउन्सेलरकडून, दोन महिन्यांनी. तिने तिथल्या तिथे फॉर्म छापून दिला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारल्या. पुढच्या सेमिस्टरपासून मी रेसिडेंट झाले. आधीचे पैसे गेले ते गेलेच. मला आजही त्याचा राग येतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच एका खिडकीवरून परत फिरतात आणि पुन्हा त्या पायऱ्या चढत नाहीत.

मी नाशिकची बी.कॉम. लग्नानंतर इकडे आले, सी.पी.ए. (आपल्या सी.ए.सारखी इथली परीक्षा) करायचं ठरवलं, त्यासाठी अकाउंटिंगचे युनिट कमी पडत होते. खरी माहिती शेवटी काउन्सेलरकडूनच मिळाली, म्हणून कॉलेज निवडताना इमारत, पार्किंग पाहण्याआधी काउन्सेलिंगची वेळ किती दिवसांनी मिळते ते विचारा. वेळ मिळाली की ‘एज्युकेशन प्लॅन’ बनवून घ्या: कुठल्या सेमिस्टरला कुठला विषय, याचा लेखी तक्ता. माझा तक्ता अजून फ्रिजवर लावलेला आहे. दुसऱ्या एका काउन्सेलरने मला आधीच झालेला विषय पुन्हा घ्यायला सांगितला होता, तेव्हा हाच कागद पुढे केला.

आता नियमांकडे वळते, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागतं. सुरुवातीच्या मुदतीत विषय सोडला तर मार्कशीटवर खूण राहत नाही. त्यानंतर साधारण सेमिस्टरच्या पाऊण वाटेपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉवल, म्हणजे विषय सोडल्याची खूण) लागतो. त्याने सरासरी बिघडत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण एक विषय सहसा तीनदाच घेता येतो आणि ‘डब्ल्यू’ही त्यात मोजला जातो. घेतलेल्या युनिटपैकी निम्मे असे ‘डब्ल्यू’ने सुटले तर कॉलेज तुम्हाला प्रोबेशनवर, म्हणजे ताकीद देऊन देखरेखीखाली, टाकू शकतं, मग उरलेल्यांत ‘ए’ असला तरी.

मार्चमध्ये आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. चार दिवसांत नाशिक गाठायचं होतं. मी दोन्ही विषय सोडले, दोन ‘डब्ल्यू’ लागले. परत आल्यावर ट्यूटरिंग सेंटरमधल्या एका वयस्क विद्यार्थिनीने सांगितलं, की आजारपण किंवा घरातली आणीबाणी असेल तर ‘ई डब्ल्यू’ (एक्सक्यूज्ड विथड्रॉवल, म्हणजे सबळ कारणाने सोडलेला विषय) मागता येतो आणि तो तीन संधींत धरत नाहीत. हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, विमानाचं तिकीट आणि अर्धं पान पत्र जोडून अर्ज केला. पाच आठवड्यांनी दोन्ही ‘डब्ल्यू’ बदलले. नियम आधीपासून होता. मला तो विषय सोडतानाच कुणी सांगायला हवा होता.

ट्यूटरिंग सेंटरबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचंय. फुकट आहे आणि खरंच शिकवतात. बाँडचा प्रीमियम दरवर्षी कसा कमी करत न्यायचा ते मला कळेना. समोरच्या मुलाने पांढऱ्या फळ्यावर तक्ता आखला, पहिली ओळ स्वतः भरली आणि मार्कर माझ्या हातात दिला. चौथ्या ओळीला चुकले. तो काही बोलला नाही, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबला. चूक मलाच सापडली. पुस्तकंही विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचारा; बरीच क्रमिक पुस्तकं तिथे तासांच्या बोलीवर बसून वाचायला मिळतात.

बारावीनंतर मुलांना इथे घालणाऱ्या आईवडिलांसाठी एक गोष्ट: मुलाच्या लेखी संमतीशिवाय त्याचे मार्क कॉलेज सहसा तुम्हाला सांगणार नाही, फी तुम्ही भरली असली तरी. आमच्या शेजारच्या काकांना ते फार लागलं. विद्यार्थ्याची माहिती जपणारा हा कायदा मला योग्य वाटतो, पण मुलाशी हे बोलणं ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू होण्याआधी घरात झालेलं बरं.

येत्या जानेवारीत कॉस्ट अकाउंटिंग घ्यायचंय. वर्ग भरलेला आहे, वेटलिस्टवर माझा तिसरा नंबर. पहिल्या तासाला न आलेल्यांना शिक्षक काढतात आणि त्या जागा वेटलिस्टवाल्यांना मिळतात, म्हणून पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं आधी वर्गात जाऊन बसणार आहे. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, ‘वही नवी घे.’